साळुंखे फौजदार आणि चोरदरवाजा

नाटकाचं वाचन संपलं आणि मी सवयीनं विचारलं, "कुणाला काही बोलायचंय का?" अशा वेळी सहसा कुणाला काही बोलायचं नसतं. सांगलीत नाटकाला माणसं भरपूर येतात, पण वाचन संपलं की सगळ्यांना घरचं जेवण आठवतं. त्या संध्याकाळी मात्र शेवटच्या रांगेतून, अगदी दाराजवळच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. उंच, केस बारीक कापलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात तपकिरी बूट. त्यांनी आधी मागे वळून दार पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, दरवाजा धाकट्यानंच उघडला," ते म्हणाले. "तुमी सगळ्यांनी मिळून त्याला सोडवलाय."

हे आनंदराव साळुंखे. पाटण तालुक्यातल्या एका खेड्यातून पोलिसात भरती झालेले, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ठाण्यांवर नोकरी केलेले आणि निवृत्तीनंतर सांगलीच्या विश्रामबागेत घर बांधून राहिलेले. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे फौजदारच म्हणत. त्यांची बायकोसुद्धा.

ते कशाबद्दल बोलत होते ते सांगायला हवं. आमच्या हौशी मंडळींनी एक फार जुनी शोकांतिका करायला घेतली होती. जुनी माणसं तिला नुसतं 'किल्लेदाराचं नाटक' म्हणतात. डोंगरी किल्ल्याचा एक किल्लेदार, त्याची बायको, त्याचा धाकटा भाऊ आणि एक कारभारी. एका रात्री किल्ल्याचा चोरदरवाजा उघडा राहतो, शत्रू आत शिरतो, माणसं मारली जातात. हल्ला परतवला जातो, पण दरवाजा कुणी उघडला हा प्रश्न मागे उरतो. संशय हळूहळू धाकट्या भावावर येऊन थांबतो. भर दरबारात किल्लेदार त्याला विचारतो, "दरवाजा तू उघडलास?" धाकटा एक शब्दही बोलत नाही. त्याचा कडेलोट होतो. शेवटच्या अंकात एक म्हातारा पहारेकरी मरताना सांगतो की अडसर घालायला आपणच विसरलो होतो. मग किल्लेदारही त्याच कड्याकडे चालू लागतो आणि पडदा पडतो.

कॉलेजात मराठी शिकवताना हे नाटक मी कितीतरी वर्गांना समजावून सांगितलं होतं. धाकटा निर्दोष आहे, याबद्दल कुणाला कधी शंका आलेली मला आठवत नव्हती.

"पहारेकरी शेवटी कबूल करतो की," मी म्हणालो.

"मरताना करतो. धाकट्याला ल्हानपणी खांद्यावर कुणी खेळवला? ह्याच पहारेकऱ्यानं. पहिल्या अंकात तुमीच वाचलं आत्ता. मग जाताजाता त्याच्या नावाचा डाग पुसला तर त्याचं काय बिघडलं?"

"नाटककार प्रेक्षकाला असं फसवत नसतो. तसा एक न लिहिलेला करार असतो."

"कुणी केला करार? तुमच्या समोर केला का?"

सभागृहात हशा झाला. ते स्वतः हसले नाहीत. खाली बसले आणि पुन्हा एकदा दाराकडे पाहून घेतलं.

कारभाऱ्याच्या भूमिकेसाठी मला माणूस मिळत नव्हता. त्या आवाजानं माझा शोध संपला. आठवडाभर मनधरणी केल्यावर ते तयार झाले, पण अट घालून. "मला तोंडाला रंग फासायचा न्हाई. आन् मी जे विचारीन त्याचं उत्तर द्यायचं. 'नाटकात असंच असतं' म्हणायचं न्हाई."

मंडळींना ही निवड रुचली नाही. कुणीतरी म्हणालं, पोलीस खात्यातला माणूस काही कारणाशिवाय नाटकात येत नसतो. ज्या शाळेच्या हॉलमध्ये आमच्या तालमी चालायच्या, तिच्या ट्रस्टींचं आपसात काहीतरी बिनसलं होतं आणि त्यातल्या एका गटानं यांना आत पेरलंय, अशी कुजबूज निघाली. फौजदार हॉलमध्ये आले की बोलणी थांबायची. त्यांना ते कळत होतं. एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, "मी आलो की ही पोरं गप बसत्यात. म्हंजे माझ्याबद्दलच बोलत असणार. ऱ्हाऊ द्या. माझीबी तीच सवय हाय."

खरंच ती सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "हे कुणी सांगितलं?" आणि "त्याला कुणी सांगितलं?" पाऊस येणार आहे म्हटलं तरी तेच. भिंतीकडे पाठ केल्याशिवाय ते बसत नसत. रिक्षात बसले की रिक्षावाल्याचं नाव, गाव आणि लायसन यांची विचारपूस होई, पण इतक्या मऊ आवाजात की रिक्षावाल्याला पाहुण्यानं चौकशी केल्यासारखं वाटायचं.

तालमींच्या सुरुवातीलाच नाटकातला पितळी कंदील हरवला. फौजदारांनी तपास आपल्याकडे घेतला. तीन दिवस त्यांनी सगळ्यांना एकेक करून व्हरांड्यात बोलावलं. प्रकाशयोजना बघणाऱ्या सुहासला जास्त घाम फुटलेला त्यांना दिसला, म्हणून त्याची दोनदा चौकशी झाली. चौथ्या दिवशी कंदील शाळेच्या शिपायानं आणून दिला. काच काळी झाली म्हणून त्यानं तो घरी धुवायला नेला होता. मला वाटलं, फौजदार सुहासची माफी मागतील. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्या टायमाला सुटलास गड्या. पर तुला घाम का फुटतो ते एकदा डॉक्टरला दाखव." सुहासनं खरोखर दाखवलं. त्याला थायरॉइड निघालं. त्यानंतर मंडळींचा त्यांच्यावरचा राग बराच निवळला.

भूमिकेचा अभ्यास ते ज्या पद्धतीनं करायचे ती मी इतर कुणात पाहिली नाही. पाठांतराकडे ते आधी वळलेच नाहीत. कुठलंही वाक्य आलं की ते विचारत, "ह्यो काय बोलतोय ते सोडा. ह्येच, आत्ताच, ह्याच्याच समोर का बोलतोय?" एका संध्याकाळी ते जरा लवकर आले आणि हातातली संहिता माझ्यासमोर ठेवली.

"सर, तुमी ह्या कारभाऱ्याला खलनायक म्हणता. ह्यानं सगळ्या नाटकात एक तरी खोटं वाक्य बोललंय का, मला काढून दाखवा."

मी काढायला बसलो. कारभारी जिथे जिथे बोलतो तिथे तो विचारतोच. धाकटे सरकार त्या रात्री पंगतीला नव्हते काय? वहिनीसाहेबांना हे ठाऊक असेल का? मी उगीच बोललो, विसरावं. आरोप असा त्यानं एकदाही केलेला नाही. पुढची सगळी कहाणी किल्लेदार स्वतः रचतो. हे मला ढोबळमानानं माहीत होतं आणि वर्गात मी त्याबद्दल बोलतही असे, पण कारभाऱ्याच्या तोंडी एकही असत्य विधान नाही हे मी वाक्यावाक्याला बोट लावून पाहिलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"आमच्या खात्यात ह्याच्यासारखे लय होते," ते म्हणाले. "त्यातला एक मीबी होतो. आरोपीला मी कवा मोठ्यानं विचारलं न्हाई. प्रश्न टाकायचा आन् तांब्यातलं पाणी प्यायचं. आपलं पाणी पिऊन होईस्तोवर समोरचा स्वतःच गोष्ट जुळवायला लागतो."

रंगमंचावर त्यांनी तसंच केलं. कारभाऱ्याच्या हातात त्यांनी एक तांब्या मागून घेतला. प्रश्न विचारायचा, पाणी प्यायचं आणि थांबायचं. किल्लेदार करणारा आमचा नट त्या थांबण्यानं इतका बेचैन व्हायचा की त्याला वेगळा अभिनय करावा लागत नसे.

एवढं कारभाऱ्याला ओळखणारा माणूस धाकट्याच्या बाबतीत मात्र हटून बसला होता. दर दोन-तीन तालमींनी तो विषय निघायचाच. मी म्हणायचो की धाकटा बोलत नाही तो स्वाभिमानामुळे. आपल्या माणसानं असं विचारावं, याचाच त्याला धक्का बसलेला आहे आणि तीच त्याची शोकांतिका. फौजदार मान हलवायचे. "गुन्हा केला नसता तर 'न्हाई' म्हणायला कितीसा वेळ लागतो? दोन अक्षरं हायेत. जीव वाचतोय. तरी मानूस बोलत न्हाई म्हंजे त्याच्याकडं 'न्हाई' न्हाईच."

धाकट्याची भूमिका प्रसाद करायचा, त्याचं औषधांचं दुकान आहे. फौजदार त्याच्याकडे असं टक लावून पाहायचे की एकदा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हे मला खरंच दोषी समजतात. कालपासून हे माझ्या दुकानासमोर येऊन उभे राहतात की काय, असं वाटायला लागलंय."

आता मलाच त्यांचा संशय येऊ लागला. वाचलेल्या पात्रावर कुणी इतकं रागावत नाही. पहारेकऱ्याला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं होतं, किल्लेदाराबद्दल त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, आणि धाकट्याचं नाव निघालं की त्यांच्या मानेची शीर उभी राहायची. कारण विचारलं की ते पाणी प्यायचे. हे मला त्यांनीच शिकवलेलं होतं, म्हणून मी थांबून पाहिलं. पण ते माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबू शकत होते.

उलगडा त्यांच्या घरी झाला. तालमीची वेळ बदलल्याचं सांगायला मी गेलो होतो. फौजदार बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी शालनवहिनींनी पोहे दिले आणि त्या समोर बसल्या. "नाटक कसं चाललंय?" असं विचारलं. मी सहज म्हणालो, "सगळं ठीक आहे, पण साहेब त्या धाकट्याला काही सोडत नाहीत."

वहिनी थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. "सर, ते नाटकातल्या धाकट्यावर बोलत न्हाईत," त्या म्हणाल्या. "विलासभावजींवर बोलत्यात."

विलास हा फौजदारांचा धाकटा भाऊ. सैन्यात होता. खूप वर्षांपूर्वी तो रजेवर गावी आलेला असताना फौजदारांनी घरी जेवताना बोलता बोलता सांगितलं होतं की उद्या पहाटे अमक्याला उचलायला जायचंय. तो अमका एका दरोड्यातला संशयित होता आणि विलासचा शाळेतला सोबती होता. पहाटे पोलीस गेले तेव्हा घर रिकामं होतं आणि चूल अजून गरम होती. जेवणाच्या ताटावरची गोष्ट घराबाहेर गेली होती. घरात तेव्हा म्हातारी आई, वहिनी आणि विलास एवढीच माणसं होती.

"यांनी भावजींना विचारलं. ते कायबी बोलले न्हाईत. रजा अर्धी टाकून निघून गेले. तवापास्नं दोगं बोलत न्हाईत. आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्या तवा दोन बाजूंना दोगं उभे होते. आता भावजी कोयनानगरला असत्यात. रिटायर झाले."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी हे नाटक त्यांच्याकडून करून घेत होतो.

यानंतर मी तो विषय टाळायचा ठरवलं होतं, पण तालमीत तो वैशालीनं काढला. वैशाली किल्लेदाराच्या बायकोची भूमिका करायची. मिरजेच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट आहे, बोलायला सरळ. दरबाराचा प्रवेश चालू होता. प्रसादचे हात बांधलेले, किल्लेदार वर गादीवर, बाजूला मशालवाले आणि मानकरी. किल्लेदारानं प्रश्न विचारला, प्रसाद गप्प राहिला, आणि फौजदार संहितेतलं वाक्य सोडून पुटपुटले, "बघा, हाय का उत्तर?"

वैशालीनं प्रवेश थांबवला. "काका, एक विचारू? तुम्ही दोघं सारखं विचारताय की तो का बोलत नाही. सर म्हणतात स्वाभिमान, तुम्ही म्हणता गुन्हा. पण त्याला विचारलंय कुणी?"

"किल्लेदारानं. भावानं."

"भावानं कुठं? भाऊ असता तर खाली उतरून आला असता. रात्री त्याच्या खोलीत जाऊन विचारलं असतं. इथे त्याचे हात बांधलेत, आजूबाजूला माणसं आहेत आणि विचारणारा गादीवर बसलाय. आता तो 'नाही' म्हणाला तरी ते आरोपीचं 'नाही' आहे. कोण धरणार खरं? माझ्याकडे पेशंट येतात ना, त्यांना त्यांच्या घरच्यांसमोर विचारलं की दुखत नाही म्हणतात. पडदा ओढून एकट्याला विचारलं की रडतात. मला वाटतं, धाकट्याला भावानं विचारलेलं हवं होतं. ते कुणी विचारलंच नाही, म्हणून उत्तर नाही."

मी फौजदारांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी तांब्या उचलला, तोंडाजवळ नेला आणि न पिताच खाली ठेवला. "आज माझं डोकं दुखतंय," असं म्हणून ते निघून गेले. त्यांच्या तोंडून तब्येतीची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली.

दोन दिवसांनी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. "सर, कोयनेला जायचंय. तुमी चला. एकटा गेलो तर मी पाटणमधनंच माघारी फिरीन."

कऱ्हाड मागे पडलं. मग गाडी चालवत, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "बायकोनं तुमाला सांगितलंय. तिचा चेहरा मी वळखतो. पर एक तिलाबी म्हाईत न्हाई. इलासला मी घरी न्हाई विचारलं. चौकीवर बोलावून घेतला. तो उभा आन् मी खुर्चीत. दोन शिपाई होते, एक जण लिहून घेत होता. त्यो मिलिटरीचा मानूस. त्यानं टोपी उचलली, डोक्यावर घातली आन् भाईर गेला. मला वाटलं, कबूल झाला."

"आज काय विचारणार आहात?"

"कायबी न्हाई. नाटकाचं आमंत्रण देणार आन् च्या पिऊन येणार."

विलासरावांचं घर कोयनानगरच्या वसाहतीच्या वरच्या अंगाला होतं. दारात कर्दळ, व्हरांड्यात घडी घातलेली सतरंजी. ते मोठ्या भावासारखेच उंच, पण चेहरा मोकळा. दार उघडल्यावर ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "ये दादा." जणू मोठा भाऊ बाजारातून परत आला होता. त्यांची पत्नी माहेरी गेलेली होती, म्हणून चहा त्यांनी स्वतः केला. बोलणं पावसाचं, धरणाचं, गुडघ्यांचं झालं. मधेच बशीतला कप किणकिणला आणि खिडकीचं तावदान थरथरलं. मी खुर्ची घट्ट धरली. "काय न्हाई सर," विलासराव म्हणाले, "हलतं अधनंमधनं. आमाला सवय झालीया."

आमंत्रण देऊन झालं. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात फौजदारांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि मऊ आवाजात म्हणाले, "एवढं सांग फकस्त. त्या रात्री तू गेलावतास का त्याच्याकडं?"

मी विलासरावांकडे पाहत होतो. त्यांचा चेहरा रागावला नाही, नुसता मिटला. "दादा, च्या निवला तुजा," ते म्हणाले. "दुसरा टाकू का?"

परतीच्या वाटेवर फौजदारांनी पाटण मागे टाकलं. मग म्हणाले, "न्हाई म्हणाला न्हाई, बगितलंत?" थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "मीबी भाऊ होऊन विचारलं न्हाई. पाणी पिऊन विचारलं."

प्रयोग चांगला झाला. विलासराव आले नाहीत. फौजदारांनी पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवायला लावली होती आणि मध्यंतरापर्यंत कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही. कारभारी म्हणून त्यांनी त्या दिवशी जे केलं ते पाहून माझ्या शेजारच्या एका बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "हा खरंच असाच आहे का हो माणूस?" पडदा पडल्यावर सगळ्यांना लोक भेटत होते, फौजदारांना मात्र कुणी भेटायला धजावलं नाही. एकटे उभे राहून ते अंगरख्याच्या गुंड्या काढत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "लोक मला भ्याले न्हवं? चांगलं झालं म्हणायचं."

त्यानंतर नवीनच प्रकार सुरू झाला. रविवारी ते सापडेनात. सकाळी गाडी घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. कुठे जाता विचारलं तर "काम हाय." आयुष्यभर दुसऱ्यांना कुठे होतास विचारणारा माणूस स्वतः कुठे जातो ते सांगत नव्हता. शालनवहिनी एकदा मला म्हणाल्या, "सर, तुमाला कायतरी ठावं असंल. या वयात मानूस दर ऐतवारी कुठं जातो?" त्यांचा आवाज थट्टेचा होता, पण डोळे थट्टेचे नव्हते. मी शपथेवर सांगितलं की मला माहीत नाही. त्यांचा विश्वास बसला नसावा. फौजदारांच्या बुटांना लागलेली तांबडी माती त्या पाहून ठेवू लागल्या होत्या. नवऱ्याच्या संगतीत तेवढं त्याही शिकल्या होत्या.

मी एकदा धीर करून त्यांना सरळच विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "सर, तुमाला कुणी विचारायला लावलं?" ते म्हणाले. मग जरासं हसले. "विचारा की. पर मी सांगनार न्हाई. आता न सांगायची माझी पाळी."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी फिरायला निघताना बुटांची नाडी बांधायला वाकले आणि तसेच पायरीवर बसले. मिरजेला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि त्या गर्दीत ओढलेल्या चेहऱ्यानं विलासराव उभे होते. ते माझ्या आधी आले होते. कोयनेहून इतक्या लवकर कसे पोचले, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग कळलं की ते आदल्या दिवशीच सांगलीत आलेले होते, भावाच्या घरी मुक्कामाला. वहिनींना ते अचानक दारात दिसले होते आणि फौजदारांनी नेहमीच्या स्वरात फक्त एवढंच सांगितलं होतं, "इलास आलाय. भाकरी जास्त टाक."

दिवसकार्य झाल्यावर विलासराव मला घेऊन गच्चीवर गेले. त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं.

"तुमी आलावता त्याच्या पुढच्या महिन्यात दादा एकटाच आला," ते म्हणाले. "मला वाटलं, परत विचारनार. मी ठरवलंवतं, ह्या टायमाला विचारलं तर दार लावून घ्यायचं. पर त्यो बसला, माझ्या आंब्याच्या रोपांना आळी करू लागला, कायबी बोलला न्हाई. मग दर ऐतवारी यायला लागला. एकदाबी विचारलं न्हाई. आन् विचारत न्हाई म्हणून मलाच ते सांगावंसं वाटायला लागलं. एक दिवस माती कालवताना मीच म्हणालो, दादा, मी त्याच्याकडं गेलो न्हवतो त्या रात्री. मी आईजवळ झोपलोवतो. त्याला कुणी सांगितलं ते मला आजबी ठावं न्हाई."

"मग? ते काय म्हणाले?"

"'बरं' म्हणाला. नुसतं 'बरं'. आन् मातीत हात घातला परत." विलासराव कठड्यावर हात टेकून उभे राहिले. खाली अंगणात शालनवहिनी कुणाला तरी पाणी देत होत्या. "सर, तुमी त्याच्याबरोबर नाटक केलं. मानसं तपासायचं त्याच्याकडनं शिकला असाल. ते 'बरं' कसलं होतं? त्याला पटलंवतं, का माझं मन राखलं त्यानं? त्यो गेल्यापास्नं रोज रात्री मी ह्येच करतोय."

एवढ्याशा शब्दावर फौजदारांनीच तासभर काढला असता. हे कुणी सांगितलं, आत्ताच का, कुणासमोर. मी विचारलं, "त्यानंतर त्या दिवशी त्यांनी काय केलं?"

विलासरावांनी आठवून पाहिलं. "काय केलं? हात धुतलं. माझ्या हातची आमटी-भाकरी खाल्ली. मग व्हरांड्यात सतरंजीवर आडवा झाला आन् झोपला. दार सताड उघडं, पाठ दाराकडं, आन् ह्यो घोरतोय. उन्हं खाली गेल्यावर मीच हलवून उठवला."

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, "दाराकडं पाठ करून," असं एकदा स्वतःशीच म्हणाले आणि जिना उतरून वहिनींच्या मदतीला गेले.